चार मैल, कुठवर?

मला नोकरीवर घेताना सरांनी एकच प्रश्न विचारलेला. डोंबिवलीहून यायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, तासभर. तर म्हणाले, "कुठवर?" मला कळेना. मी म्हटलं, इथवर. "इथवर म्हणजे ठाणे स्टेशन, खोपटचा डेपो, की ही खुर्ची?" मी मनात म्हटलं, झालं, हा माणूस आपल्याला पिडणार. आणि पिडलंच त्यांनी. ते जाईपर्यंत पिडलं, आणि गेल्यावरही सोडलेलं नाही, नाहीतर एवढ्या वर्षांनी मी हे कशाला लिहीत बसले असते.

आमचं ऑफिस खोपटला, एस.टी. डेपोसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. काम नकाशे काढायचं. प्लॉटचे, रस्त्यांचे, कारखान्यांचे, आणि एका कोपऱ्यात विमानांचे. स्वतःची छोटी विमानं बाळगणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्या वैमानिकांना कुठल्या धावपट्टीवर कसं उतरायचं याचे कागद लागतात. तो कोपरा ह्या सरांचा. हवाई दलात नेव्हिगेटर होते, तिथून निवृत्त होऊन कोपरीला एका खोलीत राहायला आलेले. लग्न केलेलं नव्हतं. ते गणितं मांडायचे आणि मी शाईने कागदावर उतरवायची. माझा हुद्दा ड्राफ्ट्समन. बाई असले तरी ड्राफ्ट्समनच.

दोन्ही हातांत घड्याळं घालायचे. डाव्या हातात आपली वेळ आणि उजव्या हातात ग्रीनिचची, कारण विमानाच्या कागदांवर तीच चालते. कोणी किती वाजले विचारलं की म्हणायचे, "कुठले?" सगळ्यांना अहो-जाहो. शिपायाला अहो, चहावाल्याला अहो, मी पंचवीस वर्षांची नव्हते तरी मला "अहो बाई". राग आला की आणखी अदब वाढायची. "आपण जरा कृपा करून ही रेघ पुसाल का?" म्हणजे समजायचं, आज आपली काही खैर नाही. त्यांच्यामागे सगळं ऑफिस त्यांना 'कुठवर' म्हणायचं. कुठवर आला का, कुठवरचा डबा आला का. त्यांना ते माहीत होतं असं मला वाटतं. फरक पडत नव्हता.

कोपरीला मासळी घ्यायला जायचे तिथेही तेच. कोळीण म्हणाली ताजी हाय, की हे विचारणार, केव्हापासून. ती एकदा माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "घ्यायचा त घे, नायतर म्होरं हो. सकाल सकाल माजं डोकं नको खाव." ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमचं उत्तर प्रामाणिक आहे," आणि दोन पापलेटं घेतली.

आता हा माणूस नुसता चक्रम असता तर मी त्याच्यावर दोन विनोद सांगून मोकळी झाले असते. पण त्या चक्रमपणाच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती मला डेपोत कळली.

एके दिवशी संध्याकाळी आम्ही खाली उतरलो तर डेपोत दोन गाड्या शेजारी शेजारी लागलेल्या. एकीवर पाटी 'वाडा', दुसरीवर 'वि.वाडी', म्हणजे आपली विठ्ठलवाडी. त्यातला 'वि' उन्हाने उडालेला. एक म्हातारी, डोक्यावर मोकळी टोपली, वाड्याकडच्या कुठल्याशा गावाला निघालेली, ती बसली विठ्ठलवाडीच्या गाडीत. कंडक्टरने तिकीट फाडताना तिला खाली उतरवलं आणि वर सुनावलं, म्हातारे, डोळे फुटले काय. तोवर वाड्याची गाडी सुटलेली. म्हातारी रडायला लागली. आमच्या महाशयांनी काय करावं? विठ्ठलवाडीच्या गाडीपुढे जाऊन उभे राहिले. हलेचनात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, लोक शिव्या घालतायत, कंट्रोलर धावत आला. ह्यांनी त्याला विचारलं, "साहेब, ही पाटी कोणी रंगवली?" कंट्रोलर म्हणाला, ते जाऊ द्या, म्हातारीला वाचता येत नाही त्याला आम्ही काय करणार. तर म्हणतात कसे, "मला वाचता येतं. मीही चुकलो असतो. चूक तिची नाही. तुम्ही चुकायची जागा करून ठेवलीत आणि ती त्या जागेत पडली." शेवटी कंट्रोलरने म्हातारीला पुढच्या गाडीत स्वतः नेऊन बसवलं, तेव्हा हे बाजूला झाले. मी लाजेने अर्धी झालेले. सगळा डेपो बघत होता.

घरी जाताना मला म्हणाले, "बाई, माणूस चुकणारच. ते धरूनच कागद काढायचा असतो. चुकणार नाही असा माणूस गृहीत धरला तर नकाशा काढायची गरजच काय?"

विमान ढगातून उतरवायचं म्हणजे काय हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं, कारण न समजता रेघ मारलेली त्यांना खपायची नाही. ते जिन्यासारखं असतं. एवढ्या अंतरावर एवढी उंची, त्याच्या पुढे एक पायरी खाली, मग आणखी एक. प्रत्येक पायरीखाली डोंगर आहे, टेकडी आहे, चिमणी आहे, त्यावरून तिची उंची ठरते. वैमानिकाला बाहेर काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं. तो जिन्यावर आंधळा आहे. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे चुकलं की संपलं. आधी धावपट्टीजवळ जमिनीवर यंत्र असायचं, ते विमानाला अंतर सांगायचं. दहा, नऊ, आठ, सात, थेट धावपट्टीपर्यंत उतरत जाणारा आकडा. कितीही दमलेला माणूस असो, आकडा बघितला की कळायचं किती राहिलं.

नव्वदीच्या उत्तरार्धात उपग्रहावरून जागा सांगणारे डबे आले. छोट्या विमानांतही बसायला लागले. लोकांना वाटतं म्हातारी माणसं नव्याला नाकं मुरडतात. हे उलटे. पहिल्यांदा तो डबा हातात आला तेव्हा लहान पोरासारखे आमच्या इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेलेले. "बाई, जमिनीवर काही नको, टेकडीआड असलं तरी चालेल, कुठल्याही रानातल्या धावपट्टीला जिना बांधता येईल." असा खुललेला चेहरा मी त्यांचा परत पाहिला नाही.

मग त्यांनी तो डबा आठवडाभर खालीवर करून पाहिला आणि त्यांचं जेवण बंद झालं. कारण तो डबा अंतर सांगायचा ते धावपट्टीचं नाही. पुढच्या बिंदूचं. म्हणजे पाच-पाच मैलांवर बिंदू असतील तर आकडा पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य, आणि परत पाच, चार, तीन. प्रत्येक पायरीला नवा हिशोब. वैमानिकाला डब्यावर चार दिसले तर ते चार कुठवरचे, हे त्याने आपलं आपण लक्षात ठेवायचं. ढगात, धक्के बसत असताना, एका हाताने रेडिओ सांभाळत.

त्या सुमारास एका बड्या कंपनीचं काम आलं. घाटावर रानात त्यांचा कारखाना, त्याची स्वतःची धावपट्टी, आणि तिच्या अलीकडे डोंगराची एक सोंड आडवी आलेली. त्यांना उपग्रहावरचा उतरायचा नकाशा हवा होता. सरकारी मान्यता वगैरे काही नाही, खाली बारीक अक्षरात 'फक्त माहितीसाठी' असं लिहून टाकायचं आणि पावसाळ्यात साहेब लोकांना वेळेवर पोचवायचं. आमच्या मालकांना एवढं मोठं गिऱ्हाईक कधी मिळालेलं नव्हतं.

ह्यांनी काय केलं असेल? त्या सोंडेवर पायी चढून गेले. मुंबईतले लोक उंटावरून शेळ्या हाकतात, जुन्या नकाशावरून उंची उचलतात. हे स्वतः गेले, वर सागाची झाडं मोजून आले, आणि झाडांच्या उंचीवर आणखी उंची धरली. मालक म्हणाले, हे कशाला वाढवलंत. तर म्हणाले, "झाडं वाढतात." कंपनीला ते पसंत नव्हतं, कारण पायरी वर गेली की विमान वरच राहतं आणि ढग खाली असले की परत फिरावं लागतं. पण ती पायरी त्यांनी सोडली नाही.

दोन गोष्टी मात्र कंपनीने ऐकल्या नाहीत. एक, पाचही बिंदूंची नावं अगदी वेगवेगळी ठेवा. नाव पाच अक्षरांचं असतं, आणि कंपनीच्या साहेबांना त्यात आपल्या चेअरमनचं नाव हवं होतं. म्हणजे पहिली चार अक्षरं पाचही बिंदूंची एकच, शेवटचं तेवढं ए, बी, सी, डी, ई. दोन, ह्यांचं म्हणणं, प्रत्येक पायरीशेजारी धावपट्टी अजून किती लांब आहे तो आकडा छापा, एक वेगळी पट्टी द्या. साहेब म्हणाले, कागद भरगच्च दिसतो, आमचा पायलट हुशार आहे.

हे तोंडाने सांगून पटेना म्हणून त्यांनी जेवणाच्या डब्यांचा प्रकार केला. आमचे जेवणाचे डबे सकाळी येऊन एका फळीवर राहायचे. त्यांनी सगळे डबे उचलले, एकसारख्या खाकी पिशव्यांत घातले आणि वर लेबलं लावली. तीच चेअरमनची चार अक्षरं, आणि पुढे ए ते ई. प्रत्येकाला सकाळीच सांगितलं, तुमचं शेवटचं अक्षर हे. आम्ही हसलो. दुपारी जेवायला बसलो तर आमचे अकाउंटंट, घरात कांदा-लसूण न खाणारे, त्यांनी पहिला घास घेतला तो माझ्या सुकटीचा. मोरीवर जाऊन चुळा भरत बसले बिचारे. आणि तिकडे मालक माझ्या शेजारच्याची भेंडी अर्धी संपवून बसलेले. ऑफिसात हलकल्लोळ. हे शांतपणे उभे. "एवढ्या उजेडात, खुर्चीत बसून, आपापल्या भुकेने दोघं चुकलात. ढगात काय होईल?"

मालक हात धूत म्हणाले, "पण सर, मेलं का कोणी?"

या माणसाला मी तेव्हापासून मनातून उतरवलं. मालकाला म्हणतेय मी. सरांना नाही. पण सरांनीही शेवटी त्या नकाशावर सही केली. मी विचारलं, का केलीत? तर म्हणाले, "मी नाही केली तर कोणीतरी सोंडेवर न चढलेला करेल. पुढच्या आवृत्तीत पट्टी टाकू असं त्यांनी कबूल केलंय." कबूल केलंय म्हणे. एवढा शिकलासवरलेला माणूस आणि 'पुढच्या आवृत्तीत' या दोन शब्दांवर विसंबला.

त्या कंपनीचा तो हुशार पायलट म्हणजे कल्याणजवळच्या गावातला आगऱ्याचा पोरगा. बापाने बिल्डरला भातशेती देऊन त्याला पायलट केलेला. गावातला पहिलाच. गोरागोमटा, बोलायला गोड, नकाशे न्यायला यायचा तेव्हा मला ताई म्हणायचा आणि ह्यांच्या पाया पडायचा. ह्यांनाही त्याचं कौतुक. त्याच्याजवळ बसून तासन्‌तास समजावायचे. हा हो सर, हो सर म्हणायचा.

तो एका पावसाळी दिवशी न सांगता आला. तोंड उतरलेलं. म्हणाला, "सर, काल गेलेलो तिकडे. ढगात होतो. झाडाला लागलो."

ह्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"काही झालं नाही. म्हणजे मागे बसलेल्यांना कळलंपण नाही, त्यातला एक तर चहा मागत होता. मी लगेच वर खेचलं. उतरल्यावर मेकॅनिकने चाकातून सागाची फांदी काढली. सर, बॉक्सवर चार आलेलं. मला वाटलं, चार राहिले."

"कुठवर?" ते म्हणाले. पण तसे नाही म्हणाले जसे नेहमी म्हणायचे. अगदी हळू, जसं डॉक्टर विचारतो कुठे दुखतं.

"मी समजलो रनवेला. ते पुढच्या पॉइंटला होते. नाव बघितलं सर, खरंच बघितलं. डी होता, मला ई वाटला, शेवटचा." आणि मग तो पोरगा माझ्या ड्रॉइंग बोर्डावर डोकं ठेवून रडला. म्हणाला, आता मला काढतील. फाइलवर लिहिलं की मला कोण घेणार, बाबांनी सगळी जमीन घातली माझ्यावर.

मी तेव्हाच ओळखलं होतं की झाडांवर वाढवलेली ती उंची नसती तर फांदी नसती निघाली, विमान निघालं असतं, तुकड्यातुकड्याने. पण हे त्यांनी तोंडातून काढलं नाही. ना तेव्हा, ना नंतर.

दोन दिवसांनी कंपनीचे साहेब आले. आतल्या केबिनमध्ये साहेब, आमचे मालक, हे, आणि नकाशा पसरून धरायला मी. साहेबांना एक कागद हवा होता, की नकाशा बरोबर होता आणि पायलट चुकला. तो मिळाला की पोराला काढायचा आणि विषय मिटवायचा.

हे म्हणाले, "तसं मी लिहिणार नाही. नकाशा चूक आहे आणि तो मी काढला आहे, असं लिहून देतो."

मालकांनी डोक्याला हात लावला. साहेब मात्र पुढे सरकले. माणसाला ताटात आयतं वाढलेलं दिसलं की जसे डोळे होतात तसे त्यांचे झालेले, मी समोरून बघत होते.

"माझ्या दोन अटी आहेत," हे म्हणाले. "त्या मुलाच्या फाइलवर काही चढवायचं नाही. आणि नकाशा ताबडतोब बदलायचा. पाचही नावं वेगळी, आणि प्रत्येक पायरीशेजारी धावपट्टीपर्यंतचं अंतर. तोपर्यंत ढगात तिथे कोणी उतरायचं नाही."

"अवश्य," साहेब म्हणाले. "अवश्य, अवश्य. आम्हालाही सेफ्टी हवीच आहे ना."

मी टेबलाखालून ह्यांच्या बुटावर पाय मारला. खरंच मारला. मनात म्हटलं, आधी नकाशा बदलून घ्या, मग लिहा. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि तिथेच बसून, सुवाच्य अक्षरात, चौतीस की किती वर्षांच्या नोकरीतलं सगळं नाव त्या एका कागदात घालून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला आजही त्या आठवणीने राग येतो. त्यांचा येतो. साहेबाचा येऊन काय उपयोग, साहेब असतातच तसे. पण ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक बोलण्याला 'कुठवर' विचारलं, त्याने त्या 'अवश्य'ला का नाही विचारलं?

पुढचं पटापट झालं. त्या कागदाच्या प्रती निघाल्या. विमानांच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, महिन्याभरात सगळीकडे झालं की खोपटच्या त्या म्हाताऱ्याने चुकीचा नकाशा काढला, स्वतःच लिहून दिलंय. बाकीच्या दोन कंपन्यांनी काम काढून घेतलं. आमच्या मालकांनी त्यांना बोलावून म्हटलं, "सर, तुम्हीच लिहून दिलंत. आता मी तुम्हाला ठेवू कसा?" सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. ह्यांनी आपली पट्टी, कंपास, पेन्सिली गोळा केल्या, शिपायाला "येतो हं" म्हटलं आणि गेले. निरोपाचा चहा नाही की काही नाही. अकाउंटंट तेवढे जिन्यापर्यंत गेले सोडायला, ज्यांच्या तोंडात सुकट गेलेली तेच.

पोराची फाइल स्वच्छ राहिली. ती अट कंपनीने पाळली, कारण ती पाळायला काहीच लागत नव्हतं. चार-सहा महिन्यांनी तो पेढे घेऊन आला, त्याला कॅप्टन केलेला. मालकांच्या पाया पडला. मला म्हणाला, ताई, सर नाहीत का? मी म्हटलं, सर कोपरीला असतात, स्टेशनच्या पलीकडे, चालत जाता येतं. म्हणाला, हो हो, जातो ना, आज जरा घाई आहे. मी पेढा घेतला नाही. टेबलावर तसाच राहिला, संध्याकाळी शिपायाने खाल्ला.

मी मधूनमधून कोपरीला जायची. बोलायला काही नसायचं. दोन्ही घड्याळं हातांत तशीच, ग्रीनिचची वेळ आता कशाला लागते असं विचारायचं माझ्या जिभेवर यायचं, पण विचारलं नाही. दर वेळी एकच विचारायचे, "नवीन आवृत्ती आली का हो बाई?" नकाशाचं काम कंपनीने मुंबईतल्या कुठल्याशा कॉम्प्युटरवाल्याला दिलेलं. मी म्हणायची, येईल.

आणि ती आली. छपाईच्या कामासाठी आमच्याच ऑफिसात आली. मी उघडून बघितली. कागद सुरेख. डोंगर हिरव्या रंगात. बिंदू पाच, नावं तीच, चेअरमनची चार अक्षरं आणि ए बी सी डी ई. धावपट्टीपर्यंतच्या अंतराची पट्टी कुठेच नाही. सोंडेवरची पायरी तेवढी खाली आणलेली, त्या वाढणाऱ्या झाडांचं सगळं काढून टाकून. बाकी सगळं जिथल्या तिथे. कोपऱ्यात ह्यांच्या सहीच्या जागी दुसऱ्याची सही.

मी ती उचलली आणि तडक कोपरीला गेले. दाखवू नये असं एकदा वाटलं. पण ह्या माणसाला खोटं सांगून पचलं नसतं. त्यांनी भिंग घेऊन बघितलं. बराच वेळ बघितलं, वरून खाली, खालून वर. मी म्हटलं, आता ओरडतील, निदान शिवी देतील. नाही. कागदाची नीट घडी घातली आणि उठून चपला शोधायला लागले.

"कुठे?" मी विचारलं.

"फोन करायला. तो मुलगा अजून तिथेच उतरतो ना?"

घरी फोन त्यांनी घेतलेलाच नव्हता. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा पीसीओ होता, काचेच्या खोक्यात आम्ही दोघं कसेबसे मावलो. नंबर माझ्या डायरीत होता. फोन त्याच्या आईने उचलला. खणखणीत आवाज, मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू येत होतं. मागे टीव्हीवर क्रिकेट लागलेलं.

ह्यांनी नाव सांगितलं. ती म्हणाली, "थांबा हां." मग टीव्हीच्या आवाजात कोणीतरी काहीतरी बोललं. पोराचाच आवाज. मी ओळखला, ह्यांनीही ओळखला असणार. ती परत आली. "तो घरान नाय. काय सांगायचा असंल त मना सांगा."

मी रिसीव्हर हिसकावून घेणार होते. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि अगदी शांतपणे, एकेक शब्द सोडत सांगायला लागले. "त्याला म्हणावं, डब्यावरचा आकडा बघून खाली यायचं नाही. आधी पुढच्या बिंदूचं नाव मोठ्याने वाचायचं. शेवटचं अक्षर शेजारच्याकडून परत वदवून घ्यायचं. मग नकाशावर बोट ठेवायचं."

"ह्या लय लांब हाय वो," ती म्हणाली. "माज्या ध्यानात नाय राहनार."

"बरं. मग एवढंच सांगा. नकाशा बदललेला नाही म्हणावं. पायरी उलट खाली गेली आहे."

तिने तोंड बाजूला करून ते तसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. टीव्ही बारीक झाला. मग ती भाबडी बाई परत फोनवर येऊन म्हणाली, "त्याला म्हाईत हाय, बोलतो. तो कंपनी सोडतो, म्होटा इमान भेटला त्याला. तो आता तिकडं नाय जानार."

ह्यांनी तिचे आभार मानले. फोन ठेवला. खोक्यात गरम होत होतं, मला रडू येत होतं आणि ह्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी म्हटलं, "सर, त्याला माहीत होतं. घरात बसून होता. तुम्ही त्याच्यासाठी एवढं केलंत, आणि त्याला कंपनीत एक शब्द बोलता आला नाही?"

"तो तिथे जाणार नाही हे चांगलं झालं," ते म्हणाले. मग खिशातून पेन्सिल काढली. "त्याच्या जागी कोण येणार आहे बाई? त्याचा नंबर मिळवा."

मी कंपनीत फोन केला. तीनदा केला, एकदा समक्ष गेले. त्यांनी दिला नाही.